चाकामागचा दगड

पोलीस पाटील नोटीस घेऊन आला तेव्हा रंभाजी टाकीखालच्या व्हॉल्व्हपाशी वाकलेला होता. निमखेड्याला पाणी सोडायचं काम गेली कैक वर्षं त्याच्याकडं होतं. सकाळी आधी वरची आळी, मग खालची, शेवटी बौद्धवस्ती. हा क्रम ग्रामपंचायतीनं ठरवलेला होता आणि आपल्याच वस्तीला पाणी शेवटी मिळतं म्हणून गीताबाई रोज त्याला चार शब्द सुनावायची. आता सुनावणारं कोणी नव्हतं.

हात पुसून त्यानं कागद घेतला. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, अक्षर लावून लावून वाचायचा. वर ठाण्याचा शिक्का दिसला, मध्ये स्वतःचं नाव आणि खाली गीताबाईचं. बाकीचा मजकूर दाट होता आणि पाटलानं मोटरसायकल चालूच ठेवली होती.

"उद्या ठाण्यात बोलावलंय," पाटील म्हणाला. "आधार कार्ड न्या संगं."

"कशापायी?"

"गीतावहिनीच्या केसचं. मला तरी कुठं वाचून दाखवतेत."

रंभाजीला जरा बरंच वाटलं. गीताबाई जाऊन तिचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही होऊन गेला होता, तरी ती नेमकी कशी गेली हे पोलिसांपैकी कोणी त्याला नीट विचारलं नव्हतं. आता विचारतील, असं त्याला वाटलं. त्यानं दौंडला राहणाऱ्या लेकीला, दीपाला, फोन करून सांगितलं की ठाण्यातून बोलावणं आलंय, आता सगळं सांगून येतो.

सांगायचं होतं ते थोडकंच होतं. बाजारहून येताना दिवस नुकताच मावळला होता. घोडच्या कालव्याचा पूल ओलांडला की रस्ता उताराला लागतो. समोरून पिकअप आली, तिचा लाइट डोळ्यांवर आला, ती गेली, आणि तेवढ्यात मोटरसायकलचं पुढचं चाक कशाला तरी थडकलं. रंभाजी डाव्या अंगाला पडला. गीताबाई मागच्या मागं डोक्यावर आपटली. तो उठून तिच्याकडं गेला तेव्हा तिचे डोळे उघडे होते आणि तिनं विचारलं, "गाडीला काय झालं?" त्यानंतर ती बोलली नाही.

चाक ज्याला थडकलं तो दगड होता. पाण्याच्या घागरीएवढा, काळा, रस्त्याच्या मधोमध. त्याच्या आजूबाजूला उसाचं पाचट सांडलेलं होतं. उसाच्या हंगामात त्या भागातल्या माणसाला असा दगड कुठून आला हे सांगावं लागत नाही. जोड ट्रॉल्यांतली एक रस्त्यावर उभी करायची, ट्रॅक्टर सोडवून दुसरी भरायला फडात न्यायची. उभी केलेली ट्रॉली उतारानं पळू नये म्हणून चाकामागं दगड लावायचा. मग दोन्ही जोडून निघताना खाली उतरून दगड बाजूला करायचा. घाई असली की हेच राहतं. ट्रॉली जाते आणि दगड रस्त्यात राहतो.

सरकारी दवाखान्यात त्या रात्री एका शिपायानं विचारलं होतं, "गाडी कोण चालवत होतं?"

"मी."

"दारू?"

"आयुष्यात न्हाई. सायेब, रस्त्यात दगड हुता—"

"बरं, सही करा." त्यानं सही केली होती. तेव्हा आतल्या खोलीत गीताबाई होती आणि त्याचं लक्ष त्या दाराकडं होतं.

ठाण्यात हवालदार गुंजाळ टेबलापाशी बसले होते. भले जाडजूड, बोलायला मोकळे. त्यांनी रंभाजीला बसायला खुर्चीही दिली.

"बसा बाबा. आधार आणलं? जामीनदार कोण आहे संगं?"

"जामीनदार?"

"अहो, आरोपीला सोडताना कुणीतरी नको का?"

रंभाजीनं मागं वळून बघितलं. मागं कोणी नव्हतं.

"आरोपी कोण, सायेब?"

गुंजाळांनी फाइल उघडली आणि वाचल्यासारखं भराभरा बोलले. मोटरसायकल भरधाव, हयगयीनं चालवून, रस्त्याच्या परिस्थितीकडं दुर्लक्ष करून, पाठीमागं बसलेली पत्नी गीताबाई हिच्या मरणास कारणीभूत. फिर्याद सरकारतर्फे. आरोपी रंभाजी.

"पण दगड हुता रस्त्यात," रंभाजी म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला लांबून आल्यासारखा वाटला.

"दुसऱ्या दिवशी पंचनामा केला ना आम्ही. रस्ता डांबरी, कोरडा, अडथळा काही नाही. दगड कुठाय?"

"हुता."

"बाबा, तुमचं दुःख मला कळतंय. माझी स्वतःची बहीण अशीच गेली. पण गाडी कोण चालवत होतं?"

"मी."

"मग झालं."

त्यांना खरंच वाईट वाटत होतं. चहा मागवला. गावातला एक ओळखीचा रिक्षावाला बाहेर होता, त्याला जामीनदार केलं. कुठं सही करायची ते बोटानं दाखवलं. आणि निघताना म्हणाले, "घाबरू नका. असल्या केशी निकाली निघतात. घरातलंच माणूस गेलंय, जज्जालाही कळतं."

पण ते निमखेड्यात कळलं नाही. पेपरात दोन ओळी आल्या, पतीच्या हयगयीनं पत्नीचा मृत्यू, पतीवर गुन्हा. गीताबाईची थोरली बहीण मुक्ताबाई शेजारच्याच गावात राहायची. कुणीतरी त्या ओळी तिला वाचून दाखवल्या. रंभाजी तिच्या दारात गेला तेव्हा ती तांदूळ निवडत होती. ताटावरून तिनं मान वर केली नाही.

"आक्का, ते पेपरात आलंय ते—"

"दाजी, तुमी बसू नका," ती म्हणाली. "माझ्या बहिनीला तुमी मारली आसं सरकार म्हनतंय. सरकारचा काय तुमच्याशी दावा हाय व्हय? म्या दिली हुती ती तुमच्या घरात. आईबाप नव्हतं, म्या दिली हुती."

"दगड हुता, आक्का."

"मग सरकारला दिसंना का त्यो?"

 तो तसाच उंबऱ्यापासून माघारी फिरला. लोकांनी काही म्हणावं, कोर्टानं काही करावं, त्याचं त्याला तितकं नव्हतं. पण गीताबाईनं जिच्या कडेवर बसून जग बघितलं, त्या बाईच्या मनात रंभाजीनं तिला मारली असं बसलं, हे त्याला जगू देणारं नव्हतं.

तिथून तो थेट कालव्याच्या उतारावर गेला. दगड शोधायचा म्हणून गेला, पण शोधायला लागलाच नाही. रस्त्याकडेच्या लिंबाखाली तो बसवलेला होता. वरून खालपर्यंत शेंदूर फासलेला. पुढं विझलेल्या उदबत्त्या, नारळाच्या करवंट्या आणि सुकलेला झेंडू.

केशरबाई बांधावर शेळ्या चारत होती. तिथला ऊस तिचाच. त्याला बघून ती उठली.

"रंभाजी, आलास व्हय. लई वाईट झालं बाबा. गीता लई चांगली व्हती."

"काकी, ह्यो दगड रस्त्यातला का?"

"व्हय. दुसऱ्याच दिशी सकाळी माझ्या तुषारकडनं उचलून घेतला म्या. शेंदूर लावला, नारळ फोडला. जागा खवळली हुती ना. बाईमानूस गेलं तिथं, आनखी कुनाला वडू नये म्हनून शांत केलं."

"पोलीस कवा आले हुते?"

"ते दुपारी आले. म्हनले इथं काय न्हाई. म्या म्हनलं, न्हाईच. आता इथं देव हाय." हे सांगताना तिच्या आवाजात जरासा अभिमान होता. मग रंभाजीचं तोंड बघून ती शेळ्यांकडं वळली.

"काकी, ह्यो दगड कुनाच्या ट्रॉलीचा हुता?"

"मला काय ठाव? ऊसतोड्यांच्या टोळ्या येत्यात, जात्यात."

"तुमच्याच फडात भरत हुती ट्रॉली."

"रंभाजी, नाव नको घेऊ माझं," ती शेळीची दोरी आवळत म्हणाली. "ऊस अजून आर्धा उभाय. ट्रॅक्टर आडून बसलं तर माझा ऊस वाळून जाईल. आन दगडाला आता काय करायचं? देव झालाय त्यो."

रंभाजी दगडापुढं उकिडवा बसला. त्याच्या घरात देव नव्हते, बापानं ते कधीच विहिरीत सोडलेले. दगडाला त्यानं आयुष्यात हात जोडले नव्हते, पण आजच्याइतकं एखाद्या दगडाकडं निरखून बघितलंही नव्हतं. एका कडेला शेंदराखाली टायरच्या रबराचा काळा पट्टा होता. आणि वरच्या टोकाला एक कपचा ताजा उडालेला. मोटरसायकलच्या चाकानं तो उडवला असणार.

दुसऱ्या दिवशी तो तालुक्याला विष्णुपंतांकडं गेला. विष्णुपंत कोर्टात कारकून होते, आता निवृत्त. कचेरीमागच्या गल्लीत राहायचे आणि आलेल्याचा अर्ज लिहून द्यायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं विचारलं ते, "एफआयआरची नक्कल कुठं आहे?"

"ती कशाला? लिहिलंय त्यात मीच मारली म्हनून."

"म्हणूनच. काय लिहिलंय ते हातात असल्याशिवाय खोडणार काय? ती मिळते, मागून घ्या." मग चष्मा पुसत म्हणाले, "आणि इथून पुढं तोंडी एक अक्षर सांगायचं नाही. तोंडी सांगितलेलं दवाखान्यातच संपलं. अर्ज द्यायचा, दोन प्रती. एक त्यांना, एकीवर पोच. शिक्का, तारीख, सही. पोच देत नसतील तर अर्ज दिला असं समजायचंच नाही."

"आन लिहायचं काय?"

"पाहिलं तेवढंच. दगड पाहिला, लिहा. कोणी ठेवला ते पाहिलं नाही, तर ठेवला असं लिहू नका, ठेवल्याचं अमक्यानं सांगितलं, असं लिहा. सांगणारा कोण आहे?"

"आजून कोनी न्हाई."

"मग आधी तो शोधा. आणि दगडाचा फोटो काढा. देव झाला तर झाला, देवाचा फोटो काढायला बंदी नाही."

रंभाजीला हसू आलं नाही, पण घरी जाताना त्यानं उतारावर थांबून मोबाईलवर दगडाचा फोटो काढला.

सांगणारा शोधावा लागला नाही. सकाळचं पाणी सोडून झालं की तो लिंबाखाली जाऊन बसू लागला. लोकांना वाटलं, बायकोच्या आठवणीनं बसतो. जोड ट्रॉल्या एकामागून एक उतरत होत्या, टेपवर गाणी लावून, पाचट उडवत. कोणी थांबत नव्हतं. एक ट्रॅक्टर मात्र थांबला. तिशीतला ड्रायव्हर खाली उतरला. उतरल्याबरोबर आधी त्यानं चाकामागं दगड लावला, मग बाटलीतलं पाणी शेंदराच्या दगडावर ओतलं, खिशातून उदबत्ती काढली आणि डोळे मिटून उभा राहिला.

"कुठलं, पाव्हणं?" रंभाजीनं विचारलं.

तो दचकला. "जामखेडकडलं, मामा. बिभीषण नाव माझं."

"ह्यो देव तुमच्या ओळखीचा दिसतोय. सगळे सरळ जात्यात, तुमीच उतरला."

"इथं एक बाई गेली म्हनं," बिभीषण म्हणाला. तो उदबत्ती मातीत खोचू लागला.

"माझी बायकू."

उदबत्ती मोडली. बिभीषण तिथंच खाली बसला.  विचारायची गरजच राहिली नाही, तो आपोआप बोलत सुटला.

"मुकादम वराडत हुता मामा. कारखान्याच्या काट्यावर नंबर जाईल, नंबर जाईल. म्या ट्रॉली जोडली आन निघालो. पुलापलीकडं गेल्यावर ध्यानात आलं, दगड राहिला. म्हनलं माघारी येताना काढू. माघारी आलो तर मानसं जमलेली. मला उतरायचं धाडस झालं न्हाई. रोज थांबतो. रोज. माझ्या बायकूलाबी सांगितलं न्हाई."

"मला सांगितलंस ना. आता ठाण्यात सांग."

"मामा, लायसन जाईल. मालक घरी लावून दील. पाया पडतो." आणि तो खरंच वाकला.

रंभाजीनं पाय मागं घेतले. "त्या दगडाच्या पडतोस तेवढं बास हाय. माझ्या पडून काय व्हायचं न्हाई. माझी मेहुणी मला दारात हुबं करीना. तुझा दगड, आन मारनारा मी, आसं लिहिलंय कागदावर."

"तुमच्यावर केस झाली?" बिभीषणला हे ठाऊक नव्हतं. त्याचं तोंड उघडं राहिलं. "तुमच्यावर कशी?"

"गाडी मी चालवत हुतो."

मागून दुसऱ्या ट्रॅक्टरनं हॉर्न वाजवला. बिभीषण उठला, चाकामागचा दगड उचलला आणि रस्त्यापासून चांगला लांब, चारीत नेऊन टाकला. मग मागं न बघता वर चढला.

अर्ज विष्णुपंतांनी लिहिला. दगड, त्याचा फोटो, शेंदूर कधी लागला, पंचनामा कधी झाला, आणि शेवटी, बिभीषण नावाच्या चालकानं मला असं असं सांगितलं, त्याचा व केशरबाईचा जबाब घ्यावा, माझा पुरवणी जबाब घ्यावा. गुंजाळांनी तो वाचला आणि टेबलाच्या कोपऱ्याला सरकवला.

"ठेवा. बघतो."

"पोच द्या सायेब."

"अहो बाबा, पोच काय पळून चाललीय? तपास माझ्याकडंच आहे."

"पोच न्हाई तर अर्ज माघारी द्या."

गुंजाळांनी पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट बघितलं. "तुम्हाला कोण शिकवतंय हे?"

"गीताबाई गेली तिथनं शिकलोय."

पोच मिळाली नाही. तो अर्ज माघारी घेऊन आला आणि पोस्टात गेला. एक प्रत ठाण्याला, एक नगरला जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना, दोन्ही रजिस्टर पोस्टानं. अधीक्षकांच्या प्रतीला विष्णुपंतांनी वेगळं पत्र जोडलं होतं, ठाण्यात अर्ज घेतला नाही म्हणून लेखी कळवत आहे. पोस्टाची पावती त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत घातली. मग वाट बघितली. मध्ये ठाण्यात जाऊन आला, साहेब बंदोबस्ताला. पुन्हा गेला, साहेब रजेवर. एकदा दीपा दौंडहून आली तेव्हा तिला घेऊन गेला, तर बाहेरच्या शिपायानं तिला विचारलं, "तुम्ही फिर्यादीच्या बाजूच्या का आरोपीच्या?"

दीपा म्हणाली, "मेली ती माझी आई. बसले ते माझे वडील. तुम्हीच सांगा."

शिपायानं त्यांना आत सोडलं, पण आत कोणी नव्हतं.

हंगाम संपत आला होता. टोळ्या उठल्या की बिभीषण जामखेडला जाईल आणि तिथून पुन्हा कुठं, याचा पत्ता लागायचा नाही. रंभाजी रोज उतारावर जाऊन अजून किती ऊस उभा आहे ते बघायचा. दुसऱ्याचा ऊस लवकर तुटू नये असं वाटणारा गावात तो एकटाच असेल.

नगरहून काय हललं ते त्याला कधी कळलं नाही, पण एके सकाळी ठाण्याची जीप गावात आली. नवीन आलेल्या सहायक निरीक्षक राजनंदिनी मॅडम, मागं गुंजाळ, आणि तहसीलचे दोन पंच. बिभीषणला बोलावून घेतलं होतं. त्याच्याबरोबर ट्रॅक्टरमालक आणि मुकादम होते आणि त्यांनी त्याला काय शिकवून आणलंय हे त्याच्या खाली घातलेल्या मानेवरून दिसत होतं.

"दगड तुझा?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई, मॅडम."

"ह्यांना तू सांगितलंस, असं हे म्हणतात."

"तसं काय बोलनं झालं न्हाई."

मॅडमनी वहीत लिहिलं. मग म्हणाल्या, "दगड पुढं घ्या. मोजमाप करायचंय, ताब्यात घ्यायचाय."

कोणी हललं नाही. केशरबाई पुढं आली. "बाई, त्यो देव हाय. त्याला हलवायचा न्हाई. हलवला तर आनखी कुनाला तरी घील त्यो."

गुंजाळ शिपायाकडं बघू लागले. शिपाई आभाळाकडं. पंचांपैकी एकानं चपला काढून नमस्कार केला आणि होता तिथंच राहिला. तेव्हा रंभाजी पुढं झाला. वाकला. हात दगडाला लागणार, तोच केशरबाईचा लेक तुषार मध्ये आला.

"रंभाजी, तुमी नका लावू हात."

"का?"

"आवो, समजून घ्या ना."

"काय समजून घिऊ, तुषार? माझी बायकू ह्याच्यापायी पडली तवा त्यो बांधावरचा धोंडा हुता. तिचं रगत चाललं त्याला. माझा हात चालंना?"

तुषार लाजला, पण बाजूला झाला नाही.  "गावात उगं बोलनं हुईल," एवढंच तो म्हणाला. मॅडम म्हणाल्या, "ए, बाजूला हो रे," पण त्यांचा आवाज पुरा चढायच्या आत बिभीषण चालत आला. मालक मागून ओरडला, "ए बिभ्या! कुठं निघाला?"

बिभीषणनं दोन्ही हातांनी दगड उचलला. शेंदूर त्याच्या शर्टाला लागला. तो दगड घेऊन रस्त्यावर गेला, मागं पुलाकडं बघितलं, उताराकडं बघितलं, दोन पावलं सरकला आणि दगड खाली ठेवला. कपचा उडालेली बाजू पुलाकडं. ती जागा त्याला कोणी दाखवली नव्हती. रंभाजीनंही नाही.

शिपायाच्या मोबाईलवर ते सगळं शूट झालं. बिभीषण तसाच उभा राहिला, हातांना शेंदूर लागलेला, जणू आता कुठं जायचं ते कोणीतरी सांगेल.

"दगड तुझा?" मॅडमनी पुन्हा विचारलं.

तो शर्टाला हात पुसत राहिला.

त्या संध्याकाळी ठाण्यात रंभाजीचा पुरवणी जबाब झाला. गुंजाळांनी टाइप केला आणि सहीसाठी पुढं केला. रंभाजी म्हणाला, "वाचतो." अक्षर लावून लावून त्यानं सगळा वाचला, खोलीतली माणसं ताटकळली तरी. एका जागी त्यानं बोट ठेवलं. 'रस्त्यावर दगड असल्याचे मला नंतर समजले.'

"नंतर न्हाई. तवाच. मी तिथंच बघितला."

गुंजाळांनी ते बदललं. मग मॅडमनी त्याला समजावून सांगितलं की बिभीषणचं नाव आरोपी म्हणून घेतलं जाईल, रस्त्यात अडथळा ठेवल्याचं कलम लागेल.

"आन माझं नाव?"

"तुमचं राहील."

"मॅडम, दगड सापडला की."

"सापडला. पण गुन्हा दाखल झालाय, तुम्ही चालक होतात. दोषारोपपत्र दोघांवर जाईल. नाव काढायचं ते आता कोर्टानं." त्यांनी फाइल मिटली. "पंचनामा पहिल्याच दिवशी नीट झाला असता तर कदाचित वेगळं झालं असतं."

गुंजाळ खिडकीकडं बघत होते. रंभाजीनं जबाबाची प्रत मागितली आणि घडी घालून पिशवीत ठेवली.

कोर्टाची पहिली तारीख पाऊसकाळ सरल्यावर पडली. विधी सेवेतून त्याला एक वकील मिळाली होती, रुचा नावाची, दीपाच्या वयाची. बाकावर बिभीषण आधीच बसलेला होता. जामखेडहून पहिल्या एसटीनं आला होता. त्याचा वकील मालकानं दिलेला, कोट नवा. रंभाजीला बघून बिभीषण सरकला आणि बाकावर जागा केली. दुसरीकडं जागा नव्हती म्हणून रंभाजी बसला.

"मामा," बिभीषण हळू म्हणाला, "ट्रॅक्टर गेला माझ्याकडनं. आता मिस्त्रीच्या हाताखाली जातो."

रंभाजी म्हणाला, "बरं."

पुकारा झाला. आरोपी नंबर एक रंभाजी, आरोपी नंबर दोन बिभीषण. दोघं शेजारी उभे राहिले. न्यायाधीशांनी कागद वाचला, मराठीत, सावकाश. गीताबाईचं नाव त्यांनी पूर्ण घेतलं, नवऱ्याच्या नावासकट. आधी बिभीषणला विचारलं, गुन्हा कबूल आहे का?

बिभीषणनं वकिलाकडं बघितलं. मग फरशीकडं. "नाही."

रंभाजीनं त्याच्याकडं वळून बघितलं नाही. दगड उचलून नेणारे ते हात त्याच्या शेजारीच, कठड्यावर होते.

"रंभाजी, तुम्हाला गुन्हा कबूल आहे का?"

दवाखान्यापासून इथवर हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. त्याच्या मनात बरंच काही साचलं होतं, पुलापासून सुरू होणारं. पण विचारलं होतं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं होतं.

"नाही," तो म्हणाला.

कारकुनानं लिहून घेतलं. दोघांचं 'नाही' एकाखाली एक, एकसारखंच. कागदावर त्यात काही फरक नव्हता. साक्षीपुरावे पुढच्या तारखेपासून, असं सांगून न्यायाधीशांनी दुसरी फाइल उघडली.

बाहेरच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून मुक्ताबाई उभी होती. दीपानं तिला आणलं होतं का ती आपणहून आली होती, ते त्यानं विचारलं नाही. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. तिचे डोळे त्याच्या चेहऱ्यावर नव्हते, बिभीषण जिन्यानं खाली उतरत होता तिकडं होते.

"त्योच व्हय?"

"व्हय, आक्का."

"न्हाई म्हनला?"

"न्हाई म्हनला."

"तुमीबी न्हाई म्हनला."

"मीबी."

 खाली आवारात कुणाच्या तरी नावाचा पुकारा चालला होता. मग तिनं विचारलं, "साक्षीला लोक उभं राहत्यात ते कवा?"

"पुढच्या तारखेला."

"कवा हाय ती?"

रंभाजीनं तारीख सांगितली. तिनं ती दोनदा म्हणून घेतली आणि दीपाचा हात धरून जिना उतरायला लागली.